अकरा फेऱ्यांना अठरा मीटर कमी

प्राचार्य म्हणाले, दोनशे मीटरचाच हवा.
माहितीपुस्तकात दोनशे शोभून दिसतं.
मी म्हटलं, सर, शेड बासष्ट बाय एकतीस आहे.
ते म्हणाले, बसवा की कसाबसा.

बंद गिरणीची ही शेड कॉलेजच्या नावावर झाली
तेव्हा आत कबुतरं होती, तेलाचा जुना वास,
आणि भिंतीवर मागांचे नंबर, पांढऱ्या रंगात.
माग केव्हाच भंगारात गेले.
नंबर न्यायला कुणी आलं नाही.

टेप माझा, तीस मीटरचा.
दुसरं टोक पेंटय्याच्या हातात.
तो इथं बावीस वर्षं विणायचा, आता राखण करतो.
मधोमध खिळा ठोकून त्यानं दोरी ताणली,
वाकून वाकून खडूनं अर्धवर्तुळ ओढलं,
पावलं मोजली तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि खडूवर लाल सूत अंथरलं, कोनावरचं उरलेलं.

रात्री वहीत हिशेब मांडला.
चार लेन घेतल्या तर फेरी एकशेबत्तीसची.
तीन घेतल्या तर एकशेअडतीस.
एक मुलगी बाहेर बसवली की
सहा मीटर पदरात पडतात.
हा भाव मला कुठल्याच शिबिरात
कुणी सांगितला नव्हता.

नुसती सरळ धाव ठेवावी, साठ मीटरची?
साठ पळून झाल्यावर थांबायला उरतात दोन.
पेंटय्या म्हणाला, भिंतीला चादरी बांधू की ओ सर,
सोलापुरात चादरीला काय तोटा?
हसलो. मग वेगात आलेली पोर
आणि ती भिंत डोळ्यांपुढं आली,
आणि पान उलटलं.

सकाळी भाग्यलता म्याकल आली.
पहाटे पाचला मैदानावर,
साडेआठला सूर्य मैदान ताब्यात घेतो,
उरलेला दिवस तिचे पाय
आईशेजारी मांडी घालून विड्या वळतात.
म्हटलं, या सुतावरून पळून दाखव.
ती पळाली. सरळ भागावर सुटली, वळणावर आखडली.
पुन्हा सुटली, पुन्हा आखडली.
चौथ्या फेरीला लाल सूत तिच्या बुटात गुंतलं
आणि अर्धा ट्रॅक तिच्यामागून फरफटत गेला.

कसं वाटलं?
ती धापा टाकत म्हणाली,
सर, आत्ता कुठं पाय उघडतोय म्हणेस्तोवर
वळण येतंय.
आणि डावी नळी बोलतीय.

हे मला पुस्तकातूनही ठाऊक होतं.
वळणाची त्रिज्या बारा मीटरला जराशी कमी,
जमीन सपाट, बाहेरून उतार द्यायला पैसे नाहीत.
पण पुस्तकातली नळी
कुणाच्या पायात नसते.

मग ठरवलं. तीन लेन.
सोम, बुध, शुक्र डावीकडून,
मंगळ, गुरू, शनि उलट दिशेनं,
म्हणजे दुखणं दोन्ही पायांनी वाटून घ्यायचं.
एक लेन भाग्यलताची, एक शिवलीला हत्तुरेची,
तिसरी जिची, तिचं नाव यादीत अजून पेन्सिलनं आहे,
वडील हो म्हणाले की शाईनं गिरवीन.

फॉर्मवर लिहिलं: लांबी एकशेअडतीस.
प्राचार्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.
हा कसला आकडा, जोशात बोलता येत नाही.
मी म्हटलं, बरोबर आहे सर,
पण मोजता येतो.
ते गप्प राहिले. सही अजून व्हायचीय.

तोवर आम्ही दोघं आपले रेषा आखतोय.
पंधराशे म्हणजे अकरा फेऱ्यांना
अठरा मीटर कमी.
म्हणून सुरुवातीची रेषा शेवटच्या रेषेच्या पुढं,
अठरा मीटरवर.
टेप तिथवर नेला तर पेंटय्या उभाच राहिला,
भिंतीवरच्या एकेचाळीस नंबरकडं बघत.

तुझा?
माझा नव्हं, म्हणाला, माझा पलीकडं, बेचाळीस.
यावर कोण होतं ते आठवत नाही बगा.

आणि खाली बसून
त्यानं ब्रश रंगात बुडवला.